तार आत शिरते तिथे

जिल्ह्याच्या गावातली जुनी कचेरी, नगर वाचनालय किंवा इंग्रजी अमदानीत बांधलेली हायस्कुलाची इमारत आपण सर्वांनीच पाहिलेली असते. पुढच्या दगडी कमानी आणि सागवानी तुळया पाहून झाल्या की जरा वळसा घालून मागच्या भिंतीकडे जावे. तिथे वळचणीखाली तारांचा एक गुंता दिसतो. काही तारा काळ्या, काही करड्या, एखाददुसरी अंगठ्याएवढी जाड आणि शिशाच्या नळीसारखी. शेजारी झाकण लोंबणारा लोखंडी डबा. या बहुतेक तारा टेलिफोनच्या असतात. फोन केव्हाच काढून टाकलेले असतात, काही ठिकाणी त्यांच्या जागी ऑप्टिकल फायबरही आलेले असते, पण तारा तशाच राहतात. दर काही वर्षांनी रंगारी येतो आणि त्यांच्यावरूनही कुंचला फिरवून जातो. कुणाला विचारले तर उत्तर मिळते, ‘त्यात काही नाही हो, मेलेल्या तारा आहेत त्या.’

टेलिफोनच्या दृष्टीने हे उत्तर बरोबर आहे. आकाशातल्या विजेच्या दृष्टीने मात्र ते साफ चुकीचे आहे. वीज तारेत संभाषण आहे की नाही ते पाहत नाही. दूरवरून आलेला एक धातूचा धागा इमारतीच्या आतपर्यंत पोचला आहे, एवढेच तिला पुरते. हे माणसाला कसे कळत गेले, त्याचा इतिहास मोठा रंजक आहे, आणि भौतिकशास्त्रातल्या काही फार मोठ्या नावांचा त्याच्याशी संबंध आहे.

सुरुवात टेलिफोनच्या शंभरएक वर्षे आधी करावी लागते. जून १७६४ मध्ये लंडनच्या सेंट ब्राइड्स चर्चच्या उंच मनोऱ्यावर वीज पडली. क्रिस्टोफर रेनने बांधलेला हा दगडी मनोरा त्या काळी लंडनचे भूषण समजला जात असे. दगड एकमेकांना धरून राहावेत म्हणून आत जागोजाग लोखंडी पट्ट्या आणि कांबी बसवलेल्या होत्या. नुकसानीची पाहणी करणाऱ्यांच्या एक गोष्ट ध्यानात आली. वीज लोखंडातून जाताना फारसे काही बिघडले नव्हते. जिथे एक कांब संपत होती आणि दुसरी काही अंतरावर सुरू होत होती, तिथे मधला दगड फुटून उडाला होता. म्हणजे इमारतीत धातू असणे हा धोका नव्हता. धातूचे तुकडे एकमेकांना न जोडता सोडून दिले होते, हा धोका होता.

पुढे तडितरक्षकाचे टोक अणकुचीदार असावे की बोथट यावर इंग्लंडात बरेच वर्षे वाद रंगला आणि त्यात राजकारणही शिरले. तो वाद पुष्कळ पुस्तकांत सांगितलेला असतो, म्हणून इथे सोडून देतो. सेंट ब्राइड्सचा धडा मात्र त्या गदारोळात मागे पडला.

तो पुन्हा वर काढला ब्रुसेल्समध्ये. तिथल्या नगरभवनाचा मनोरा पंधराव्या शतकातला, सुमारे ९६ मीटर उंच, आणि त्याच्या माथ्यावर सेंट मायकेलचा धातूचा पुतळा. मेलसेन्स या बेल्जियन शास्त्रज्ञाने १८६५ साली या इमारतीच्या संरक्षणाचे काम हाती घेतले. एकच जाड दांडा उभा करून त्याची एक पट्टी जमिनीत नेण्याऐवजी त्याने अनेक टोके आणि अनेक बारीक वाहक तारा वापरून साऱ्या इमारतीभोवती एक जाळेच विणले. खाली जमिनीशी संपर्कही त्याने एकाच जागी केला नाही. विहिरीतल्या पाण्याबरोबरच शहराच्या गॅसच्या आणि पाण्याच्या नळांनाही त्याने हे जाळे जोडले. पुष्कळांना हे धाडसाचे वाटले. गॅसच्या नळात वीज सोडायची? पण नळ इमारतीत येणारच असेल, तर तो जोडलेला बरा की सुटा बरा, हा खरा प्रश्न होता.

त्या प्रश्नाचे नेमके उत्तर १८७६ साली मिळाले. त्या वर्षी ब्रिटिश असोसिएशनचे अधिवेशन ग्लासगोला भरले होते. भौतिकी विभागाचे अध्यक्ष होते विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन. ते नुकतेच अमेरिकेहून परतले होते. फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात ग्रॅहॅम बेलच्या यंत्रातून आपण तारेवरून माणसाचा आवाज ऐकला, ही नवलाची हकीगत त्यांनी श्रोत्यांना सांगितली. आणि याच अधिवेशनात जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी इमारतींचे विजेपासून रक्षण या विषयावर एक छोटासा निबंध वाचला. टेलिफोनची वार्ता आणि टेलिफोनच्या तारेपासून इमारत कशी वाचवावी याचे सूत्र, दोन्ही एकाच मांडवात! त्या दिवसांत कुणी दोहोंची सांगड घातली असेल असे मात्र वाटत नाही.

मॅक्सवेल यांचे म्हणणे असे. दारूगोळ्याचा एखादा कारखाना भिंती, छप्पर आणि जमीन यांसकट तांब्याच्या पत्र्याने मढवला, तर बाहेर कितीही वादळ होवो, आत काहीही जाणवणार नाही. तो जमिनीला जोडण्याचीसुद्धा गरज नाही, खाली डांबराचा थर दिला तरी चालेल. पत्रा नसला तर तारांचे जाळेही पुरते. कारण आतल्या सर्व वस्तूंचे विभव एकच राहते, आणि दोन वस्तूंच्या विभवात फरक नसेल तर ठिणगी उडायचे कारणच नाही. मात्र बाहेरून पाण्याचे किंवा गॅसचे नळ इमारतीत येत असतील, तर ते या जाळ्याला जोडलेच पाहिजेत.

ही शेवटची अट सहज वाचून पुढे जाण्यासारखी दिसते. आमच्या मते साऱ्या निबंधाचे मर्म तिच्यातच आहे. बाहेरून येणारा नळ स्वतःबरोबर दूरच्या एखाद्या ठिकाणचे विभव घेऊन येतो. नळाच्या जागी टेलिफोनची तार घातली की आपल्या वळचणीखालचा गुंता समोर उभा राहतो.

हे आकड्यांत पाहणे सोपे आहे, आणि नववी-दहावीच्या वर्गात ओहमचा नियम शिकवताना उदाहरण म्हणून घेण्याजोगेही आहे. पडणाऱ्या विजेची धारा सर्वसाधारणपणे ३० हजार अँपिअरच्या आसपास असते. कधी ती याच्या कितीतरी पट भरते. इमारतीच्या अर्थिंगचा रोध ५ ओहम आहे असे धरू. हा काही वाईट आकडा नाही. ३० हजार गुणिले ५, म्हणजे दीड लाख व्होल्ट. वीज पडताक्षणी काही मायक्रोसेकंदांपुरते त्या इमारतीचे अर्थिंग, तिला जोडलेले नळ, ओलसर भिंती हे सारे दूरच्या जमिनीच्या तुलनेत लाखभर व्होल्टनी वर उचलले जाते. टेलिफोनची तार मात्र एक-दोन किलोमीटरवरच्या एक्स्चेंजमधून आलेली आहे. तिला या गोष्टीचा पत्ताच नाही, ती तिकडच्या जमिनीच्या विभवाला आहे. आता फोनचा रिसीव्हर कानाला लावून ओल्या फरशीवर उभा असलेला कारकून म्हणजे सेंट ब्राइड्सच्या दोन कांबींमधला दगडच की! माणूस नसेल तर ठिणगी तारेवरून उडून जुन्या लाकडात किंवा दप्तरखान्यातल्या कागदात शिरते. वादळ चालू असताना तारेचा फोन वापरू नये असे सांगतात, त्याचे कारण हे आहे.

भरतीच्या पाण्यात होडी वर चढते तेव्हा आत बसलेल्याला काही होत नाही. एक पाय होडीत आणि दुसरा धक्क्यावर असेल, तरच पंचाईत होते. उपाय म्हणून तार आत शिरते तिथेच तिला इमारतीच्या अर्थिंगशी बांधून टाकायचे, म्हणजे उचलायचे तर सारे बरोबरच उचलले जाईल.

पण टेलिफोनची तार सरळ जमिनीला जोडली तर बोलणेच बंद पडेल. इथे टेलिफोन आणि जमीन यांच्या नात्याची एक जुनी गोष्ट आड येते. १८३८ साली म्युनिकच्या श्टाइनहाइलला आगगाडीच्या रुळांचा वाहक म्हणून उपयोग करता येतो का हे पाहताना असे आढळले की तारायंत्राला दोन तारा लागत नाहीत. एक तार पुरते, परतीची वाट जमीन देते. दुसऱ्याच वर्षी आपल्याकडे विल्यम ओशॉनेसी या डॉक्टरने कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात बांबूंवर तार ताणून प्रयोग केले, तेव्हा हुगळी नदीच्या पाण्याचाही वाहक म्हणून उपयोग करून पाहिला. तारेचा निम्मा खर्च वाचत असल्याने ही रीत सर्वत्र रूढ झाली. टेलिफोननेही ती तशीच उचलली. १८८२ च्या जानेवारीत मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथे टेलिफोन एक्स्चेंजे सुरू झाली, तो जगभर एकेरी तारेचाच काळ होता.

तारायंत्राच्या टक-टकीला जमिनीतला गोंगाट चालून जाई. माणसाच्या आवाजाला तो चालेना. शेजारच्या तारेवरचे संदेश फोनमध्ये खरखरत, आणि १८८० च्या दशकाअखेर विजेच्या ट्रामगाड्या सुरू झाल्यावर तर काही ऐकू येईनासे झाले, कारण ट्रामची धाराही रुळांतून आणि जमिनीतूनच परतत असे. शेवटी टेलिफोनने जमिनीची वाट सोडली आणि प्रत्येक ग्राहकाला दोन तारा दिल्या, एक जायला, एक यायला. या दोन तारा एकमेकींभोवती पिळल्या की बाहेरचा उपद्रव दोघींवर सारखाच होतो आणि वजा होऊन जातो. बेलने १८८१ सालीच याचे पेटंट घेतले होते. आजही जुन्या केबलचे तोंड उघडून पाहिले तर पिळलेल्या जोड्या दिसतात.

अशा रीतीने बोलण्यासाठी जमीन नको झाली, पण संरक्षणासाठी ती हवीच होती. म्हणून तार आत शिरते तिथे एक चतुर युक्ती बसवली गेली. कार्बनच्या दोन चपट्या वड्या, मध्ये मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी फट. एक वडी तारेला, दुसरी जमिनीला. एक्स्चेंजची बॅटरी असते सुमारे ४८ व्होल्टची. एवढ्याने फटीतून ठिणगी उडत नाही आणि बोलणे बिनधोक चालते. तारेवर काही शे व्होल्ट चढले की मात्र हवेतून ठिणगी उडते आणि तार क्षणभर जमिनीला जोडली जाते. यालाच अरेस्टर म्हणतात. पुढे कार्बनच्या जागी वायू भरलेल्या छोट्या नळ्या आल्या, तत्त्व तेच राहिले. मात्र या अरेस्टरची जमीनही इमारतीच्या जमिनीला जोडलेली असली पाहिजे. पुष्कळ ठिकाणी टेलिफोनसाठी वेगळा खड्डा खणून ‘स्वच्छ’ अर्थिंग देण्याची पद्धत होती. हेतू चांगला, पण परिणाम असा की एकाच घरात दोन जमिनी झाल्या, आणि वीज पडली की त्यांच्यात लाखभर व्होल्टचे अंतर. आजची मानके म्हणूनच सांगतात की एका इमारतीतली सर्व अर्थिंगे एकमेकांना जोडावीत.

शिशाच्या नळीसारखी जी केबल आपण भिंतीवर पाहिली, तिचेही असेच. आत कागदात गुंडाळलेल्या तांब्याच्या तारा, आणि कागदाला दमटपणा लागू नये म्हणून वर शिशाचे वेष्टन. हे वेष्टन म्हणजे मैलभर लांबीचा वाहकच. ट्रामच्या शहरांत जमिनीत भरकटलेली धारा या शिशात शिरायची आणि पुढे कुठेतरी त्यातून बाहेर पडायची. बाहेर पडते तिथे शिसे विरघळते. फॅरडेचे विद्युतविश्लेषणाचे नियम शिकलेल्या विद्यार्थ्यांना हिशेब घालता येईल. एक अँपिअर धारा वर्षभर अशी बाहेर पडत राहिली तर सुमारे ३४ किलो शिसे नाहीसे होते! एक्स्चेंजमध्ये बॅटरीचे धन टोक जमिनीला जोडून तारा ऋण ठेवतात, त्यामागेही तांब्याची अशीच झीज टाळण्याचा विचार आहे.

आता वळू अर्थिंगच्या जोडतारेकडे. इथे एक मोठा झगडा झाला. १८८८ च्या मार्चमध्ये ऑलिव्हर लॉज यांनी लंडनला दिलेल्या व्याख्यानांत लायडन जारचा एक प्रयोग मांडला. जारमधल्या विद्युतभाराला दोन वाटा मोकळ्या ठेवल्या, एक चांगल्या जाड तांब्याच्या तारेची आणि दुसरी हवेतल्या फटीची. भार तांबे सोडून हवेतून उडी मारू लागला. लॉज म्हणाले, क्षणार्धात वाढणाऱ्या धारेला तारेचा रोध अडवत नाही, तारेचे स्वयंप्रवर्तन अडवते. ब्रिटिश पोस्ट खात्याचे मुख्य विद्युततज्ज्ञ विल्यम प्रीस यांना हे पटणे शक्य नव्हते. तारायंत्राच्या खांबांवर बसवलेले पाच लाख तडितरक्षक त्यांच्या देखरेखीखाली होते, आणि त्यांचा सारा अनुभव सांगत होता की रोध कमी असला की झाले. त्याच वर्षी सप्टेंबरात बाथच्या अधिवेशनात दोघांची जुंपली. गंमत म्हणजे याच अधिवेशनात फिट्झजेराल्ड यांनी हर्ट्झच्या विद्युतचुंबकीय लहरींची वार्ता सांगितली आणि वारे लॉजच्या बाजूने वाहू लागले. लॉजचे सारेच खरे ठरले असे नाही. वीज लायडन जारप्रमाणे मागेपुढे हेलकावते असे ते धरून चालले होते, आणि ते सहसा तसे नसते. पण स्वयंप्रवर्तनाचा मुद्दा टिकला.

किती टिकला ते पाहा. १० चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेचा एक मीटर तुकडा घेतला तर त्याचा रोध सुमारे ०.००१७ ओहम. ३० हजार अँपिअरला ५० व्होल्ट, म्हणजे किरकोळ. पण त्याच तुकड्याचे स्वयंप्रवर्तन असते साधारण एक मायक्रोहेन्री, आणि विजेची धारा एका मायक्रोसेकंदात १० हजार अँपिअरनी वाढू शकते. बारावीच्या सूत्राने हिशेब केला तर दर मीटरला १० हजार व्होल्ट. या तारेतून विजेचा दहावा हिस्सा गेला असे मानले तरी मीटरला हजार व्होल्ट झाले.

यातून एक चमत्कारिक गोष्ट निघते. डोळ्यांना जे नीटनेटके दिसते ते विजेला नीटनेटके नसते. कसबी कारागीर उरलेल्या तारेचे सुबक वेटोळे करून खिळ्याला अडकवतो, किंवा कोरीव काम झाकू नये म्हणून अर्थिंगची तार कंगोऱ्याच्या कडेने काटकोनात फिरवत सहा मीटरवर नेतो. दिसायला छान. प्रत्यक्षात त्याने तारेत एक वेटोळे आणि सहा मीटर लांबी घातली, म्हणजे अरेस्टर असूनही फोनपाशी हजारो व्होल्ट शिल्लक ठेवले. जोडतार आखूड, सरळ आणि वेटोळ्याविना असावी. ती आखूड ठेवायची तर टेलिफोनची तार, विजेची मुख्य तार आणि पाण्याचा नळ हे सारे शक्यतो एकाच कोपऱ्यातून आत आले पाहिजेत, आणि तिथेच तांब्याची एक पट्टी असली पाहिजे.

जुन्या इमारतीत हे काम करताना म्हणूनच आधी प्रत्येक तार कुठून येते आणि कुठे संपते याचा नकाशा काढतात. ‘मेलेली’ समजलेली एखादी तार धोक्याच्या घंटेची किंवा लिफ्टमधल्या फोनची निघू शकते. जी खरोखरच निकामी, ती बाहेरच्या खांबापर्यंत पूर्ण काढून टाकणे उत्तम. भिंतीपाशी तोडून आतला भाग तसाच ठेवणे हा आळशी उपाय झाला, कारण आत सुटा धातू राहतोच. काढताच आली नाही, तर आत शिरते तिथे तिचे शिसे आणि तारा पट्टीला जोडून टाकतात.

भिंतीचाही विचार करावा लागतो. मालाडचा पिवळसर दगड असो, पोरबंदरी असो की आपला काळा पाषाण, भोक पाडायचे ते दगडात नाही, सांध्यातल्या चुन्यात. सांधा पुन्हा भरता येतो, दगड येत नाही. खिळे आणि पकडी तांब्याच्या किंवा काशाच्या घ्याव्यात. लोखंड गंजले की फुगते आणि दगडाचा कपचा उडवते. अ‍ॅल्युमिनियमला ओला चुना खातो. तांब्याचे हिरवे ओघळ पांढऱ्या दगडावर उतरतात, म्हणून तार कुठून न्यायची हे पावसाचे पाणी कुठून ओघळते ते पाहून ठरवावे. हे काम परवानाधारक तंत्रज्ञाचे आणि टेलिफोन कंपनीच्या माणसाचे. इमारत वारसा यादीत असेल तर परवानगीही लागते. विद्यार्थ्यांनी नकाशा काढावा, मोजमाप करावे, पण तारांना हात लावू नये, आणि शिशाच्या केबलला तर मुळीच नाही. शिसे विषारी आहे आणि त्याची पूड बोटांवरून पोटात जाते. पाहणीसाठी हिवाळ्याचे दिवस निवडावेत. वळवाच्या दिवसांत ही पाहणी नको.

फायबर आल्यावर हा सारा प्रश्न मिटला असे वाटणे साहजिक आहे, कारण काचेच्या धाग्यातून विद्युतधारा वाहत नाही. पण खांबावरून घरात येणाऱ्या बऱ्याच फायबर केबलींमध्ये ताण सोसण्यासाठी एक पोलादी तार घातलेली असते, आणि जमिनीतून येणाऱ्या काहींवर धातूचे चिलखत असते. ते पोलाद आत न्यायचे नसते. भिंतीबाहेरच तोडून थांबवायचे, किंवा त्याच तांब्याच्या पट्टीला जोडायचे. आपल्या शाळेत आलेली केबल कोणत्या प्रकारची आहे हे तिच्या उरलेल्या तुकड्यावरून ओळखता येते. कापलेल्या तोंडाशी, काचेच्या धाग्याशेजारी पोलादाचा चकाकणारा ठिपका दिसतो का, तेवढे पाहावे.